कर्जाची मुदत आणि व्हिसाची मुदत

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. त्या भावाने साडेसहा क्विंटल सोयाबीनचे ३४,६३२ रुपये होतात. आता दुसरा हिशेब. इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कोणी ११ टक्के व्याजाने २५ लाख रुपये कर्ज काढले. शिकण्याचे एक वर्ष आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष, अशा दोन वर्षांचे सरळव्याज साडेपाच लाख त्यात मिळवले. होणारे साडेतीस लाख पंधरा वर्षांत फेडायचे ठरले, तर महिन्याचा हप्ता ३४,६६६ रुपये बसतो. म्हणजे महिन्याला साडेसहा क्विंटल सोयाबीन आणि वर्षाला ७८ क्विंटल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तरी हे तेरा एकरांचे सगळे पीक झाले, आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी यांचा एक रुपयाही वजा केलेला नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातल्या खातेदाराकडची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यातले गाव. बाहेरच्यांना ते ओळखीचे आहे तिथल्या चक्राकार बारवेमुळे. अशा गावांतली मुले दहावी-बारावीनंतर सेलूला, परभणीला, पुढे छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जातात. इंजिनिअर, फार्मसिस्ट, कृषी पदवीधर होतात आणि आता त्यांतली काही आणखी पुढे, देशाबाहेर जाऊ पाहतात. २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत १३ लाखांच्या वर सांगितली होती. त्यांतल्या ज्यांच्या घरी नोकरदाराचा पगार किंवा शहरातली मालमत्ता आहे, त्यांच्यासाठी शैक्षणिक कर्ज ही एक सोय असते. ज्यांच्या घरी फक्त शेती आहे, त्यांच्यासाठी तो घरादाराने मिळून घेतलेला निर्णय असतो.

मुलगा किंवा मुलगी विमानाने जाते, कर्ज मात्र गावातच राहते. कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर आई किंवा वडिलांची सही असते आणि ती निव्वळ साक्षीदाराची सही नसते. ते सहकर्जदार असतात. हप्ता चुकला तर बँकेच्या लेखी दोघेही सारखेच थकबाकीदार. लंडनमधल्या मुलाने फोन उचलला नाही तर वालूरमधल्या वडिलांचा फोन वाजतो. ही गोष्ट सही करताना बहुतेक घरांत कोणी नीट समजावून सांगत नाही, आणि प्रवेशाच्या धावपळीत विचारायलाही कोणाला सुचत नाही.

कर्ज मिळवणे हीच पहिली चढण. भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि पुढे तिच्यात वेळोवेळी बदल केले. सप्टेंबर २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय मिळू शकते. परदेशी शिक्षणाला साडेसात लाख कुठे पुरणार? त्यापुढे तारण लागते, आणि इथे शेतकऱ्याच्या घराची अडचण सुरू होते. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, पण त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे. मात्र तिचा एक परिणाम असा होतो की, शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँक सातबारा सहसा घेत नाही. पाच एकर काळी कसदार जमीन असलेला माणूस बँकेच्या टेबलापुढे जवळजवळ रिकाम्या हाताने बसतो. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीकडचा नमुना आठचा उतारा बँकेच्या वकिलाचे समाधान करत नाही. मग सेलूत किंवा परभणीत अकृषक प्लॉट असलेला मामा शोधावा लागतो, किंवा शिक्षकाची नोकरी असलेले काका जामीन राहतात. एका मुलाच्या शिक्षणात अशी तीन-तीन घरे गुंततात.

नामांकित परदेशी विद्यापीठांच्या यादीत नाव असलेला प्रवेश मिळाला तर काही सरकारी बँका मोठे कर्जही तारणाशिवाय देतात. यादीबाहेरच्या विद्यापीठात जाणाऱ्यांना बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांकडे वळावे लागते. त्या लवकर मंजुरी देतात, कागद कमी मागतात आणि व्याज जास्त लावतात. अनेकदा शिकत असतानाच व्याजाचा काही भाग दरमहा भरायला लावतात. शिवाय बँक संघाच्या योजनेतल्या सवलती त्यांना बंधनकारक नसतात. ज्याचे घर कमी भक्कम, त्याचेच कर्ज महाग, असा हा उलटा न्याय आहे.

कर्ज दिले जाते ते एका गृहीतकावर: शिक्षण संपले की सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात नोकरी लागेल आणि मग पंधरा वर्षे पगार येत राहील. पुण्यात शिकणाऱ्यासाठी हे गृहीतक निदान कायद्याच्या दृष्टीने तरी शक्य असते, कारण नोकरी करायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. परदेशात मात्र नोकरीआधी परवानगी लागते, आणि त्या परवानगीचे घड्याळ वेगळ्या वेगाने चालते. कर्ज पंधरा वर्षांचे, व्हिसा दीड-दोन वर्षांचा. या विषयातली बहुतेक दुःखे या विसंगतीतून जन्माला येतात.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ, कारण तिथे बदल फार वेगाने झाले. १ जुलै २०२१ पासून ब्रिटनने पदवीधरांना शिक्षणानंतर दोन वर्षे राहून काम करण्याची मुभा दिली. ती ऐकून हजारो भारतीय घरांनी हिशेब मांडले. त्यानंतर २०२४ च्या जानेवारीपासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत नेणे बंद झाले. कुशल कामगार व्हिसासाठी लागणारा किमान पगार २६,२०० पौंड होता, तो एप्रिल २०२४ मध्ये एकदम ३८,७०० वर गेला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना यात सूट आहे. त्यांच्यासाठी हा आकडा ३३,४०० पौंड आहे. आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना शिक्षणानंतरची मुभा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचीच मिळणार आहे. ज्याने २०२३ मध्ये कर्जाचे कागद केले, त्याने नियम पाहून निर्णय घेतला होता. तो विमानातून उतरेपर्यंत आणि पदवी हातात घेईपर्यंत नियमच बदलले. कर्जाच्या करारात मात्र एक ओळही बदलली नाही.

शिकताना अर्धवेळ काम करून कर्ज फेडता येईल, ही समजूतही तपासून पाहायला हवी. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. एप्रिल २०२५ मध्ये तिथले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. सगळे २० तास, दर आठवड्याला, न चुकता काम मिळाले तरी महिन्याचे साधारण १,०५८ पौंड होतात. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी लंडनबाहेर राहण्याचा महिन्याचा खर्च म्हणून ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ पासून धरलेली रक्कम होती १,१३६ पौंड. म्हणजे पूर्ण अर्धवेळ कमाईतून खोलीभाडे आणि जेवणही पुरते भागत नाही, हे त्या सरकारच्याच आकड्यांवरून दिसते. हप्त्याचा त्यात विचारच नाही.

पूर्णवेळ नोकरी लागली की चित्र पालटते. वर्षाला २६,००० पौंडांची साधी नोकरी धरली, तरी कर वजा जाता महिन्याला साडेअठराशे पौंडांच्या आसपास हातात येतात. पौंड ११५ रुपयांना धरला तर आपला ३४,६६६ रुपयांचा हप्ता सुमारे ३०० पौंडांचा होतो. काटकसरीने राहणारी मुलगी हा हप्ता भरून घरीही काही पाठवू शकते. रुपया घसरला तर तिला उलट फायदाच, कारण कर्ज रुपयांत आहे आणि कमाई पौंडांत. तेव्हा कर्जाची रक्कम स्वतःहून अवाच्या सवा आहे, असे म्हणता येणार नाही. ती पेलायला परदेशातला पगार चारपाच वर्षे तरी चालू राहायला हवा, ही खरी अट आहे. पण २६,००० पौंडांच्या त्याच नोकरीवर पुढचा व्हिसा मिळत नाही. अठरा महिने संपले की बॅग भरून परत. पुण्यात चाळीस हजारांची नोकरी लागली, तर हप्ता गेल्यावर हातात पाच हजार उरतात, आणि भाडे अजून द्यायचेच असते.

अमेरिकेत घड्याळ वेगळे, पण गोष्ट तीच. शिक्षणानंतर बारा महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी चोवीस. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिले तर राहण्याचा हक्क धोक्यात येतो. पुढे एच-१बी व्हिसा, आणि त्याची वार्षिक मर्यादा ८५,०००, तीही सोडत काढून. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेतच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा नंतर आला. पण मधल्या आठवड्यांत कर्जदार घरांनी काढलेल्या रात्री कोणत्याही खुलाशाने परत मिळत नाहीत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली आणि बँकेत दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात, तरीही कर्जाचा आकडा तिथे बराच खाली येतो. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी जर्मन भाषेचे वर्ग भरायला सुरुवात केली असेल, तर त्यामागे हा सरळ हिशेब आहे आणि तो शहाणपणाचा आहे.

कधी घड्याळच फुटते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिथे वैद्यकीय शिकणारी हजारो भारतीय मुले अभ्यास अर्धा टाकून परतली. त्यांत महाराष्ट्रातलीही पुष्कळ होती. ३१ डिसेंबर २०२१ रोजी युक्रेनमध्ये शिकणाऱ्या १,३१९ विद्यार्थ्यांची मिळून १२१.६१ कोटी रुपयांची शैक्षणिक कर्जे बँकांकडे बाकी होती, असे सरकारने लोकसभेत सांगितले. मुले सुखरूप आली याचा आनंद घराघरांत झाला. पण पदवी नाही, पुढचा प्रवेश कुठे हे ठाऊक नाही आणि व्याजाचे मीटर चालूच, अशा अवस्थेत त्या घरांनी पुढची वर्षे काढली.

उधारीवर परदेशी शिकायला जाणे महाराष्ट्राला नवीन नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, आणि तो कर्जरूपानेच दिला जाई, म्हणजे एकाने फेडलेल्या पैशातून दुसऱ्याला जाता यावे. या निधीच्या पहिल्या लाभार्थी दोन डॉक्टर स्त्रिया होत्या: फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. त्यानंतर दोन दशकांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची, आणि अट अशी की परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यात ठेवून त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. तिथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात उतरले, तर जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईला आले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पै-पै साठवली. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये परतले ते बॅरिस्टर होऊन; डी.एस्सी.ही त्याच वर्षी मिळाली.

आंबेडकरांच्या बुद्धीत किंवा कष्टात काही कमी नव्हते. करार मोडला तो बाहेरच्या जगाने. त्यांना पुन्हा उभे राहता आले, कारण उसने देणाऱ्याने परिस्थिती पाहिली, तारीख पाहिली नाही. आजच्या बँकेकडून भथेनांच्या मैत्रीची अपेक्षा कोणी करणार नाही. पण परिस्थिती पाहण्याची थोडी जागा आजच्या नियमांतही आहे, आणि ती फार थोड्या कर्जदारांना माहीत आहे.

बँक संघाच्या योजनेत असे म्हटले आहे की, कर्जाच्या आयुष्यात बेकारीचे किंवा अपुऱ्या कमाईचे काळ येतात हे लक्षात घेऊन बँका दोन-तीन वेळा हप्त्यांना सवलत देऊ शकतात. सुरुवातीला लहान हप्ते आणि पगार वाढेल तसे मोठे हप्ते, अशी रचनाही करता येते. हे आपोआप होत नाही, मागावे लागते, आणि खाते थकीत होण्याआधी मागावे लागते. हप्ता चुकल्यापासून ९० दिवस उलटले की ते खाते अनुत्पादक ठरते. त्याआधी तीस आणि साठ दिवसांवर बँक त्याच्यावर खुणा करत असते. या तीन महिन्यांत शाखाधिकाऱ्याच्या हातात बरेच काही असते. नव्वद दिवसांनंतर फाइल वसुलीच्या टेबलावर जाते आणि तिथला माणूस वेगळा असतो.

घात होतो तो नेमका याच तीन महिन्यांत, कारण या काळात सगळे गप्प असतात. मुलगा घरी सांगत नाही की नोकरी गेली. आईला रक्तदाब आहे, तिला कशाला? वडील मुलाला सांगत नाहीत की बँकेचे पत्र आले. तो तिथे एकटा आहे, त्याला कशाला? ज्याच्या निरोपाला अख्खे गाव जमले होते, त्याची नोकरी सुटल्याचे भावकीत कसे सांगायचे? प्रेमापोटी आणि अब्रूपोटी दोन्ही बाजू गप्प राहतात आणि नव्वद दिवस निघून जातात. या गप्प राहण्याबद्दल त्या घरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण कर्ज घेतानाच मुलाने आणि वडिलांनी एकमेकांना शब्द द्यावा की हप्त्याची अडचण पहिल्या महिन्यातच बोलायची, आणि बँकेला लेखी कळवायची. बँकेला द्यायच्या अर्जासोबत नोकरी गेल्याचे पत्र, व्हिसाची प्रत, शोध चालू असल्याचे पुरावे आणि किती रक्कम भरता येईल याचा स्पष्ट आकडा असावा. ईमेल पाठवलाच, तर त्याची छापील प्रत वडिलांनी शाखेत देऊन पोच घ्यावी. थोडी का होईना, रक्कम दरमहा भरत राहिल्याचा फायदा पुढे प्रत्येक टप्प्यावर होतो.

खाते थकले तर काय होते याच्या अफवा गावात फार फिरतात. कर्ज थकणे हा दिवाणी मामला आहे. खोटी कागदपत्रे दिली नसतील, तर त्यासाठी कोणी अटक करत नाही. वसुली एजंटने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. एजंट धमकावत असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठीचा फोन क्रमांक १४४४८. मुलगा सुट्टीत आला की विमानतळावर अडवतील, ही आणखी एक भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये निकाल दिला की, थकबाकीदारांविरुद्ध ‘लुकआउट’ परिपत्रक काढायला सांगण्याचा अधिकार सरकारी बँकांना देता येत नाही. त्या निकालाने तसा अधिकार देणारे कलम रद्द ठरवले.

मात्र परदेशात राहिले म्हणजे बँक पोहोचणार नाही, हे समजणे चूक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड आणि २०२० पासून संयुक्त अरब अमिराती यांच्याशी न्यायालयीन आदेश परस्पर अमलात आणण्याची व्यवस्था आहे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी त्यात नाहीत. तिथे बँकेला नव्याने दावा करावा लागतो. पण बँक बहुधा एवढ्या लांब जातच नाही. तिला जवळचा रस्ता माहीत आहे: सहकर्जदार, जामीनदार आणि तारणाचा प्लॉट. २० लाखांवरच्या थकबाकीसाठी ती कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते. वडिलांचा सिबिल स्कोअर पडतो आणि त्याची झळ पीककर्जाच्या नूतनीकरणाला बसू शकते. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असे राज्य सरकार बँकांना बजावते, तरी शाखेत गेलेल्या शेतकऱ्याला वेगळा अनुभव येत असल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. मुलीच्या लंडनच्या पदवीचे कर्ज असे बापाच्या पेरणीपर्यंत येऊन पोहोचते.

सरकारी मदत आहे, पण तिचा बराचसा भाग देशातल्या शिक्षणासाठी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना परदेशी शिक्षणाला लागू नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद केली गेली. ती बंद व्हायला नको होती. राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या जागा वर्षाला ७५-७५. ज्याला ती मिळते त्याचा प्रश्नच सुटतो, पण रांग लांब आहे. कर्जदारांसाठी जास्त उपयोगी योजना इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची आहे. परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावरचे, १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज ते पाच वर्षे परत करते. हप्ते नियमित भरलेल्यांनाच ते मिळते, हे लक्षात ठेवावे. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते असे सगळीकडे सांगितले जाते. परदेशात कमावणाऱ्या आणि इथे उत्पन्न नसलेल्या मुलाला तिचा उपयोग नाही, आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असलेल्या वडिलांनाही नाही. शहरी पगारदार डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती सवलत आहे.

ब्रिटनने स्वतःच्या मुलांसाठी काय केले आहे, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. २०२३ नंतर पदवीला लागलेल्या इंग्लिश विद्यार्थ्याला त्या कर्जाची परतफेड वर्षाची कमाई २५,००० पौंडांच्या वर गेल्यावरच करावी लागते, आणि तीही वरच्या रकमेच्या नऊ टक्के. २६,००० पौंड कमावणारा पदवीधर वर्षाला ९० पौंड भरतो. त्याच कचेरीत, त्याच पगारावर शेजारी बसलेल्या मराठी मुलीचे वर्षाचे हप्ते ३,६०० पौंडांच्या घरात जातात. इंग्लिश मुलगा बेकार झाला तर हप्ता शून्य होतो; मराठी मुलगी बेकार झाली तर हप्ता तेवढाच राहतो आणि वालूरच्या घरी फोन जातो. ऑस्ट्रेलियात कमाईशी जोडलेली परतफेड १९८९ पासून आहे, आणि परदेशी गेलेल्या कर्जदारांनाही २०१७ पासून त्यात आणले आहे. सरकारला कराच्या नोंदीतून कमाई दिसते म्हणून हे तिथे जमते, आणि आपल्याकडे परदेशातली कमाई तपासणे कठीण, हा आक्षेप खरा आहे. पण व्हिसा संपून परत आलेल्या मुलाची कमाई तर इथल्या कराच्या नोंदीत दिसतेच. निदान त्याच्यासाठी पहिली तीन-चार वर्षे पगाराच्या ठरावीक हिश्श्याएवढाच हप्ता, असा नियम रिझर्व्ह बँकेने आणि बँक संघाने करायला काय हरकत आहे? त्याने बँकांचेही नुकसान होणार नाही. हप्ता अजिबात बंद पडून खाते बुडण्यापेक्षा लहान हप्ता येत राहणे केव्हाही बरे.

तोपर्यंत अडकलेल्या घरापुढे राहतो तडजोडीचा रस्ता. राष्ट्रीय लोकअदालतीत बँका थकीत शैक्षणिक कर्जाची प्रकरणे ठेवतात, व्याजात बऱ्यापैकी सूट देतात आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते. एकरकमी तडजोडीत मात्र एक खोच आहे. ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घेऊन खाते बंद झाले, की पतअहवालात ते ‘पूर्ण फेडले’ असे न लिहिता ‘तडजोड’ असे लिहिले जाते आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे अवघड होते, मुलालाही आणि सही केलेल्या वडिलांनाही. म्हणून रक्कम थोडी जास्त भरून खाते पूर्ण बंद करणे शक्य असेल, तर तो विचार आधी करावा. अनिवासी झालेल्या मुलाने आपले जुने बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे आणि हप्ते त्यातूनच भरावेत, म्हणजे भरलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद त्याच्या नावावर राहते.

आणि शेवटचा हप्ता गेला, की थकबाकी नसल्याचा दाखला त्याच दिवशी मागावा. तारण ठेवलेल्या प्लॉटची मूळ कागदपत्रे कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत परत करणे बँकांना आणि वित्त कंपन्यांना १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. प्लॉट मामाचा असेल, तर हे कागद घ्यायला मामालाच सोबत न्यावे लागते, कारण बँक ते मालकाच्याच हातात देते.